काचेवरचा डोंगर

राळ जळल्याचा वास आला आणि मी कापडबाजाराच्या तोंडाशी थबकले. नातसून म्हणाली, "आजी, दमलात का?" दमले नव्हते. खोक्याएवढ्या एका दुकानात कुणी मोबाईल उघडून बसला होता आणि त्याच्या हातातल्या, तारांना डाख द्यायच्या सळईच्या तापल्या टोकापासून धुराची बारीक दोरी वर चालली होती. त्या वासात मी संसार केला आहे. माझ्या लुगड्यांना, केसांना, ताटातल्या भाकरीला तो वास यायचा. शाळेत मुली विचारायच्या, "बाई, तुमच्या घरी रोज धूप जाळतात का?" मी म्हणायचे, "धूप नाही गं, रेडिओ."

नातसुनेला वाटलं, म्हातारीला ऊन लागलं. तिनं मला एका पायरीवर बसवलं आणि पाणी आणायला गेली. बरंच झालं. तेवढ्या वेळात मला एक चक्कर मारून येता आलं, दुसरी मोठी लढाई संपली त्या वर्षांकडे.

आमचं दुकान याच रस्त्यानं पुढं जाऊन डावीकडच्या गल्लीत होतं. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. मधे पडदा, पडद्याच्या मागं मी, पुढं आमचे हे. यांचं नाव शांतवन. गाव त्यांना शांतवन मिस्त्री म्हणायचं. मी मिशनच्या शाळेत मुलींना गाणं शिकवायचे आणि रविवारी उपासनेला हार्मोनियम वाजवायचे. लग्न ठरलं तेव्हा माझी आत्या म्हणाली होती, "मुलगी सुरात, मुलगा तारांत. निदान एकमेकांचं ऐकून तरी घेतील." आत्याचं बोलणं नेहमीच अर्धा टोमणा आणि अर्धा आशीर्वाद असायचं.

काय काय वास होते त्या खोलीला! रेडिओतल्या तापलेल्या काचेच्या व्हॉल्व्हवरची धूळ जळते तिचा. जुन्या लाकडी पेटीच्या पॉलिशचा. बॅटरीतल्या आंबट पाण्याचा. थंडीत खेड्यावरून रेडिओ घेऊन येणारं कुणी तरी सोबत हुरडा आणायचं, मग या सगळ्यावर कोवळ्या ज्वारीचा वास पसरायचा. उन्हाळ्यात दारातला कडुलिंब फुलला की त्याची पांढरी बारीक फुलं उडत येऊन उघड्या रेडिओच्या पोटात पडायची आणि हे ती फुंकर मारून काढायचे, मुलाच्या डोळ्यातला कण काढावा तशी. आणि आवाज! शिट्ट्या, खरखर, मधेच कुठल्या परमुलखातली बाई दोन ओळी गाऊन निघून जायची. पडद्यामागं कांदा चिरता चिरता मी जगभर हिंडून यायचे.

रेडिओच्या पोटात पत्र्याचे लहान लहान डबे असतात, ओळीनं बसवलेले. हवेतून आलेलं गाणं एका डब्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात असं गाळून निघतं आणि मग कर्ण्यात येतं. प्रत्येक डब्याच्या डोक्यावर बारीक स्क्रू असतो. तो केसभर फिरवला तरी आवाज बदलतो. सगळे डबे एकमेकांशी जुळवायचे, हे त्या धंद्यातलं सगळ्यात नाजूक काम. लोखंडाचा पेचकस जवळ नेला तरी डबा बिथरतो, म्हणून यांनी शिंगाच्या कंगव्याचा एक दात कानशीनं घासून त्याची काडी केली होती. बाकीचे मिस्त्री आवाज सगळ्यात मोठा झाला की काम झालं म्हणायचे. यांचं काम तिथून पुढं सुरू व्हायचं.

"मोठा आवाज काय, गाढवालाही असतो," हे म्हणायचे. मग डोळे मिटायचे, मान थोडी डावीकडं कलती करायचे आणि काडीनं स्क्रू इतका हलका फिरवायचे की तो फिरला हे फक्त त्यांना आणि देवाला ठाऊक. बातम्या सांगणाऱ्याच्या बोलण्यातला 'स' स्वच्छ यायला लागला की डोळे उघडायचे. मला एकदा समजावून सांगितलं होतं, "रस्त्याच्या मधून ढोल चालतो आणि कडेकडेनं बांगड्या चालतात. आवाज वाढवायच्या नादात रस्ता अरुंद केला की आधी बांगड्या चेंगरतात." यांच्या हातचा रेडिओ ओळखू यायचा. त्यात शब्द सुटे सुटे पडायचे, निवडलेल्या तांदळासारखे. नेवाशापासून पाथर्डीपर्यंतची माणसं मांडीवर रेडिओ घेऊन सर्व्हिस मोटारीतून धक्के खात यायची ती त्यासाठी.

लढाईच्या वर्षांत हे नगरच्या लष्करात वायरलेस दुरुस्तीला होते. तोफांचा सराव चालायचा त्या माळाच्या कडेलाच यांच्या कामाचा तंबू. तिथं काय झालं आणि केव्हा झालं, ते मला माहीत नाही. त्यांनाही नव्हतं. मला आठवते ती लढाई संपल्यानंतरची एक तिन्हीसांज. भाद्रपद असावा. परसात आम्ही दोघं बसलो होतो आणि हे म्हणाले, "यंदा रातकिडे नाहीत गं."

परसात रातकिड्यांनी नुसता गोंधळ घातला होता. कान किटून गेले होते माझे. मी त्यांच्याकडं पाहिलं. ते अगदी निवांत बसले होते, शांतता किती छान आहे अशा चेहऱ्यानं. मी म्हणाले, "पाऊस उशिरा झाला ना." आणि आत जाऊन चुलीपुढं बसले.

मग मी बघत राहिले. माणसांचं बोलणं त्यांना ऐकू यायचं. ढोल यायचा, दार वाजलेलं यायचं. पण दूध उतू जाताना सूं करतं ते यायचं नाही. सायकलची घंटी यायची नाही. माझ्या बांगड्या यायच्या नाहीत; मी मागून येऊन उभी राहिले की दचकायचे. वरचे, बारीक, कडेकडेचे सगळे आवाज त्यांच्यासाठी गेले होते. आणि त्यांचा धंदा नेमका त्याच आवाजांवर उभा होता.

एके दिवशी जेवता जेवता तेच म्हणाले, "तुला कळलंय ना?"

"कळलंय."

"गावाला कळलं तर? आंधळ्याकडं कुणी घड्याळ दुरुस्तीला देतं का?"

मी ताटात भाकरी वाढली. दुसरं काय वाढणार होते? पण त्या दिवसापासून माझ्या मनात एकच प्रश्न होता. या माणसाचं हे काम राहणार की जाणार? हे काम गेलं तर माणूस चालता बोलता राहील, पण तो शांतवन मिस्त्री नसेल.

आम्ही उपाय करून पाहिले. कर्ण्याच्या तारांना काट्याचा मीटर लावला. काटा सगळ्यात पुढं गेला की थांबायचं. पण काटा किती ते सांगायचा, कसं ते सांगायचा नाही. मोठ्या आवाजावर तो खूश आणि 'स' मेला तरी त्याला सुतक नाही. मग मी त्यांचे कान झाले. पडद्याआड उभी राहून ऐकायचे आणि 'आला' म्हणायचे. मी 'आला' म्हणेपर्यंत त्यांचा हात पुढं गेलेला असायचा. मी 'मागं' म्हणायचे, तोवर हात भलतीकडं. हात एकाचा आणि कान दुसऱ्याचा, असं काम कधी झालंय? एकमेकांवर चिडून आम्ही दोघं घामाघूम व्हायचो. आत्या हयात असती तर पोट धरून हसली असती.

त्याच थंडीत गेणूभाऊ आले. नेवाशाकडचे बागाईतदार. विहिरीवर तेलाचं इंजिन बसवणारे त्यांच्या गावातले पहिले, आणि त्या इंजिनाचा त्यांना पोटच्या पोरापेक्षा अभिमान. गावानं मिळून घेतलेला बॅटरीचा रेडिओ त्यांच्याच ताब्यात असायचा, आणि तो यांनी नुकताच जुळवून दिला होता. बाजाराला आलेले गेणूभाऊ दारातूनच म्हणाले, "मिस्त्री, आवाज लई मोठा झालाय. पर मानूस रांजनात तोंड घालून बोलल्यावानी वाटतंय. भजनातल्या झांजा तर पार गेल्या. पयल्यावानी न्हाई राह्यलं."

"आणून द्या, बघतो," हे म्हणाले.

"आनतो सवडीनं."

गेणूभाऊ गेले. हे बराच वेळ शिंगाची काडी बोटांत फिरवत बसले. मग म्हणाले, श्रीरामपूरकडं एका साखर कारखान्यात वायरमन हवा आहे, होळी झाली की जाऊन भेटून येतो. किती साधेपणानं म्हणाले! मी पडद्यामागं जाऊन रडले, आणि रडायचा आवाज यांना येणार नाही या विचारानं आणखी रडले.

होळीच्या आधीच करीमभाई आले. करीमभाईंचं दुकान गल्लीच्या टोकाला. लष्कराच्या लिलावात ते डिस्पोजलचा माल घ्यायचे: ताडपत्र्या, बूट, पाण्याच्या बाटल्या, मच्छरदाण्या. त्या दिवशी हातगाडीवर लोखंडाच्या दोन जड पेट्या घालून आले. एकीला पुढं वाटीएवढी गोल काच होती. दुसरीला नुसतीच बटणं.

"भाभी, हा माल कुणी घेईना. एक बाई विचारून गेली, याची शेगडी होईल का. म्हटलं, आधी मिस्त्रीला दाखवावं."

मी म्हणाले, "घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं! ठेवायला जागा कुठंय?" पण यांचा चेहरा पाहिला आणि कोपरा रिकामा करायला लागले. लष्करात एका साहेबाच्या टेबलावर अशी जोडी यांनी दुरून पाहिली होती. हात लावायची परवानगी नव्हती. आता ते काचेवरून पंच्यानं धूळ पुसत होते.

मग अंधाऱ्या दुपारींचे ते दिवस आले. काचेवरची रेघ फिकी हिरवी होती, उजेडात दिसायची नाही, म्हणून जेवणं झाल्यावर दुकानाचं दार लोटून घ्यायचं. बाहेर फाल्गुनातलं ऊन, आत अंधार, आणि त्या अंधारात आम्ही तिघं एका हिरव्या काचेपुढं. बाहेरून येणाऱ्याला वाटलं असतं, आत भूत उतरवतायत. करीमभाई चहाच्या निमित्तानं येऊन बसायचे आणि उठायचं नाव काढायचे नाहीत.

बटणांच्या पेटीत झोका होता. म्हणजे त्या पेटीतून निघणारा सूर एका जागी थांबायचा नाही; खालून वर, वरून खाली झुलत राहायचा. तो सूर रेडिओच्या डब्यांतून सोडायचा. जिथं डबे त्याला वाट देतील तिथं काचेवरची रेघ उंच जाणार, जिथं अडवतील तिथं खाली बसणार. डब्यांनी कुठं किती वाट ठेवलीय, त्याचं चित्रच काचेवर उमटणार. पेटीला इंग्रजी नाव होतं, स्वीप जनरेटर. आमच्या घरात ती झोक्याची पेटीच झाली.

पहिले कितीतरी दिवस नुसती आडवी रेघ. मग एका दुपारी रेघ हलली आणि मधोमध खाली खचली.

"अहो, ही तर विहीर!" मी म्हणाले.

यांचं तोंड उतरलं. त्यांना उंचवटा हवा होता. करीमभाईंनी मान वाकडी करून, मग पार उलटी करून काचेकडं पाहिलं. "मिस्त्री, हे वटवाघूळ आहे. डोकं खाली, पाय वर. सरळ टांगा की!"

यांनी काचेच्या पेटीच्या मागच्या दोन तारांची अदलाबदल केली. विहिरीचा डोंगर झाला. करीमभाईंनी मांडीवर अशी थाप मारली की चहा सांडला. मग एका डोंगराचे दोन दिसायला लागले, एक झोका जातानाचा आणि एक येतानाचा. एक बटण हळूहळू पिळल्यावर दोघे सरकत सरकत एकमेकांत मिसळले. त्या बटणासाठी एक अख्खा आठवडा गेला. पण आता काचेवर एक डोंगर होता, हिरवा, थरथरता, आणि हे स्क्रू फिरवतील तसा तो वाकायचा, फुगायचा, टोकदार व्हायचा.

पण कुठला डोंगर चांगला? हे कोण सांगणार? टोकदार केला की मीटरचा काटा खूश व्हायचा, म्हणजे तो नको. पसरट केला तर किती पसरट? काचेवर डोंगर दिसत होता, पण त्यातला 'स' कुठं बसतो, ते दिसत नव्हतं. दोन दिवस हे जेवले तेही काचेपुढं बसूनच.

तिसऱ्या दिवशी मी चुलीशी होते. वरच्या फळीवर आमचा घरचा रेडिओ होता, लग्नानंतर यांनी स्वतः बांधून माझ्यासाठी जुळवलेला. लढाईच्या आधीचा. लोकांच्या रेडिओंतून सवड मिळाली नाही म्हणून त्याला तेव्हापासून कुणी हात लावला नव्हता. हे आत पाणी प्यायला आले आणि तांब्या हातात तसाच धरून त्या रेडिओकडं बघत राहिले. मग तांब्या खाली ठेवला आणि रेडिओ उचलून घेऊन गेले. फोडणीत होतं ते जळालं तरी मी मागोमाग गेले.

त्यांनी तारा जोडल्या. दार लोटलं. काचेवर डोंगर उभा राहिला.

आमच्याकडच्या डोंगरांसारखा होता तो. डोंगरगणच्या बाजूला दिसतात ना, दोन्हीकडून उतार आणि माथा सुरीनं कापल्यासारखा, तसा. माथ्याच्या दोन्ही कडांना जरासा उंचवटा, मधे किंचित खोलगट. हे वाकून बघत होते. त्यांचे गाल त्या उजेडात हिरवे दिसत होते.

"काय आहे हे?" मी विचारलं.

"माझे कान आहेत," ते म्हणाले. "जुने."

मी त्यांचा हात धरला. दिवसाढवळ्या, करीमभाई केव्हाही दार ढकलून येतील अशा वेळी, मी त्यांचा हात धरला. जे कान तोफांनी नेले असं आम्ही धरून चाललो होतो, ते माझ्या फळीवर मीठ-तिखटाच्या डब्यांशेजारी शाबूत होते.

संक्रांतीचा पतंगाचा कागद घरात उरला होता. त्याचा एक तुकडा मी काचेवर धरला आणि यांनी पेन्सिलीनं तो डोंगर गिरवून घेतला. पुढं प्रत्येक रेडिओ त्या कागदाशी ताडून पाहायचा. आधी टोक काढायचं, मग टोक मोडून खांदे पसरायचे, मग कागद काचेवर धरायचा आणि रेघेवर रेघ बसेपर्यंत शिंगाची काडी फिरवायची. जुळला की ते मला हाक मारायचे. मी रेडिओ लावून ऐकायचे. 'स' यायचा! बांगड्या यायच्या! मी मान हलवायचे आणि ते लहान मुलासारखे हसायचे. पण हे सगळं लोटलेल्या दाराआड. बाहेर कुणाला काही ठाऊक नव्हतं, आणि कारखान्यातली ती जागा अजून भरली नव्हती. हे म्हणायचे, "घरात जमतंय. पण गिऱ्हाईक समोर बसलं, आणि त्यानं 'ऐका' म्हटलं, तर?"

लिंब फुलला होता तेव्हा गेणूभाऊ रेडिओ घेऊन आले. मोटारीत मांडीवर घेऊन आणलेला, धोतराच्या पानात गुंडाळलेला. करीमभाई चहा पीत बसले होते.

"मिस्त्री, मेला ह्यो. बॅटरी नवी हाय, पर गुमान बसलाय."

यांनी पाठ उघडली आणि बघतच राहिले. डब्यांवरचा एकूण एक स्क्रू तळापर्यंत आवळलेला.

"हे कुणी केलं?"

"म्याच!" गेणूभाऊ छाती काढून म्हणाले. "समदे इस्क्रू ढिले हुते की! म्हनलं, आवाज घुमतोय तो ह्येच्याच पायी. इंजनाचा बोल्ट ढिला ऱ्हायला की इंजन बी असंच घुमतं. पार आवळून टाकले. एखादा ऱ्हायला असंल तर बगा."

पडद्यामागं मी तोंडात पदर कोंबला. करीमभाईंचा चहा दुसऱ्यांदा सांडला.

"संध्याकाळच्या मोटारीनं जायचं हाय मला," गेणूभाऊ म्हणाले. "गाव माझ्या नावानं शंख करतंय. तवर व्हत असंल तर करा, न्हाई तर उद्या पुन्याला धाडतो. आन म्या हितंच बसनार. डोळ्यादेखत करा."

यांनी पडद्याकडं पाहिलं. मी बाहेर आले, काही न बोलता जाऊन दार लोटलं आणि झोक्याच्या पेटीवरचं फडकं काढलं. नवऱ्याला लोटायचं असेल तर असं लोटावं, शब्दानं नाही.

काचेवर आडवी रेघ उमटली. डोंगराचा पत्ता नाही.

"ही रेघ कशाची?" गेणूभाऊ.

"तुमच्या रेडिओची."

"सपाट हाय की."

"तुम्ही आवळलात ना." स्क्रू आवळले की डबे खालच्या सुरावर घसरतात, म्हणून हे झोक्याची जागा हळूहळू खाली सरकवत होते. रेघ तशीच. आणखी खाली. तशीच. आणि मग काचेच्या डाव्या कडेनं एक उतार आत आला, अगदी ठेंगणा, टेकाडही नव्हे. पण होता. कानानं जुळवणारा कितीही मोठा उस्ताद असता तरी त्या मुक्या रेडिओत त्याला ऐकायला काही सापडलं नसतं. यांना दिसलं.

शेवटच्या डब्यापासून सुरुवात करायची आणि मागं मागं यायचं, ही रीत. काडी फिरत गेली. स्क्रू सैल होत गेले. टेकाड वर चढत, उजवीकडं सरकत मधल्या खुणेवर आलं आणि टोकदार उभं राहिलं. गेणूभाऊ खुर्ची ओढून पार काचेला नाक लावून बसले होते. यांनी टोक मोडलं तसे ते ओरडले, "आरं आरं! चांगलं टोक आलं हुतं की, मोडता का?"

"टोकावर एकच माणूस उभा राहतो, गेणूभाऊ," हे म्हणाले. "माथा सपाट असला तर सगळं गाव बसतं."

मी पतंगाचा कागद काचेवर धरला. रेघ रेघेवर बसली.

दार उघडलं. ऊन आत आलं. रेडिओ पेटीत बसवला, तार जोडली, आणि मुंबईचं दुपारचं भजन लागलं. एक बाई गात होती. मागं मृदंग, आणि त्या मृदंगाच्या वर झांज, कोऱ्या नाण्यासारखी. ओळ संपली, बाईनं श्वास घेतला, आणि तो श्वाससुद्धा खोलीत ऐकू आला. गेणूभाऊंनी कानावरचं मुंडासं मागं सारलं. "झांजा आल्या," ते पुटपुटले. मग यांचा दंड धरून हलवत म्हणाले, "मिस्त्री, झांजा आल्या! ऐका की! ऐका!"

तो शब्द आला. ज्याची यांनी इतके दिवस धास्ती घेतली होती, तोच. नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं. गेले कित्येक महिने ते मानच हलवत आले होते.

"गेणूभाऊ," हे म्हणाले, "मला झांज ऐकू येत नाही."

"म्हंजी?"

"तोफांनी कान गेले. वरचा आवाज येतच नाही. थंडीत तुमचा रेडिओ घुमत गेला तो म्हणूनच."

खोलीत फक्त ती बाई गात होती. करीमभाई मान खाली घालून बशीकडं बघत होते. गेणूभाऊंनी रेडिओकडं पाहिलं, मग काचेकडं, मग यांच्याकडं, आणि पुन्हा रेडिओकडं.

"मंग आत्ता ह्ये समदं..."

"बघून."

"ऐकल्याबिगर?"

"ऐकल्याबिगर."

गेणूभाऊ उठले. मला वाटलं, झालं, निघाले. ते दारात गेले, उंबऱ्यावर उभे राहिले आणि इंजिनाच्या धडधडीवरून हाक मारायची सवय असलेल्या गळ्यानं त्यांनी सगळ्या गल्लीला हाळी दिली, "आरं या रं हिकडं! या मानसाला झांज ऐकू येत न्हाई, आन बगा त्यानं कशी वाजवलीय! आरं, डोळ्यानं लावलाय रेडिओ, डोळ्यानं! कानानं लावनारे छप्पन्न गावतील! या, बगा!"

धरणीनं पोटात घ्यावं असं झालं मला. जे इतके महिने पदराआड जपलं, ते भर बाजारात! माणसं धावत आली. शिंपी आला, मशीन तसंच सोडून. बांगडीवाला आला. पायरीवर, ओट्यावर, खिडकीत माणसं. सगळ्यांना झांज ऐकायची होती आणि सगळ्यांना डोंगर बघायचा होता. मी यांच्याकडं पाहिलं. हे गर्दीच्या मधोमध उभे होते आणि हसत होते. रातकिडे नाहीत म्हणाले त्या संध्याकाळपासून मी त्यांना गर्दीत असं हसताना पाहिलं नव्हतं. करीमभाई दारात उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, "पेटी माझी. शेगडी करणार होते लोक!"

नातसून पाणी घेऊन आली तेव्हा मी त्या पायरीवर एकटीच हसत बसले होते. ती घाबरली. म्हणाली, "आजी, रिक्षा बोलावते." मी म्हटलं, बोलव. हल्लीच्या मुलींना हसणाऱ्या म्हातारीची फार भीती वाटते.

कारखान्यातली ती जागा कुणी घेतली, मला माहीत नाही. गेणूभाऊंनी तालुकाभर डांगोरा पिटला. आणि दुसऱ्या दिवसापासून दुकानात जो कोणी येईल, पाथर्डीचा असो की पारनेरचा, त्याला हे आधी स्वतःच सांगायचे, "मला कमी ऐकू येतं, जरा मोठ्यानं बोला." लोक मोठ्यानं बोलायचे आणि रेडिओ ठेवून जायचे.